परतीच्या पावसातला कंदील : कामाच्या नोंदी

५ ऑक्टोबर, शनिवार

काम: कामट्या आणि पतंगी कागदाचा पारंपरिक आकाशकंदील, एक नग. जागा: ठाण्यातलं नौपाडा, जुन्या इमारतीचा दुसरा मजला, पश्चिमेची गॅलरी. मुदत: वसुबारस, २८ ऑक्टोबर. मनुष्यबळ: मी, सासूबाई, नवरा (हाक मारली तर), चिरंजीव, इयत्ता सहावी (हाक न मारता).

सामान जांभळी नाक्यावरून आणलं. कामट्यांची जुडी, पतंगी कागद पिवळा, केशरी आणि राणी, सोनेरी बेगड, पांढऱ्या दोऱ्याचं रीळ. नवरात्राची गर्दी, त्यात सर आली आणि कोपिनेश्वर मंदिराच्या आसपासचा सगळा बाजार आडोशाला गेला. दुकानदाराने कागदाची गुंडाळी आधी वर्तमानपत्रात, मग प्लास्टिकच्या पिशवीत घातली, तोंडाला रबर लावला आणि वर बजावलं, "ताई, पाऊस पुरता जाईपर्यंत उघडू नका." सल्ला चांगला, पण पाळायचा कसा? पाऊस पुरता गेला याची ठाणेकरांना खात्री पटते तेव्हा फराळाचे डबे रिकामे झालेले असतात.

हवामान खात्याने २०२० मध्ये सुधारलेल्या वेळापत्रकानुसार मुंबईतून मोसमी पाऊस परतण्याची सर्वसाधारण तारीख ८ ऑक्टोबर. सासूबाईंच्या पंचांगात अजून हस्त चालू आहे आणि हत्ती सोंड कधी फिरवेल ते सांगता येत नाही, असं त्यांचं मत. खातं आणि पंचांग दोघांचंही थोडक्यात म्हणणं एकच: गृहीत धरू नका. म्हणून आखणी अशी केली की ओल्या दिवशी बांबू, कोरड्या दिवशी कागद. मधे काही फिसकटलं तर क्रम बदलायचा नाही, दिवस बदलायचा.

माप: पैलूची बाजू १८ सेंमी. तयार कंदील साधारण साडेत्रेचाळीस सेंमी उंच होईल, झिरमिळ्या सोडून. गॅलरीच्या आतल्या हुकाला लटकवला तर डोक्याला लागणार नाही. नवऱ्याने उंची पाहून शंका काढली, त्याला हुकाखाली उभं करून मोजलं. लागत नाही.

१० ऑक्टोबर, गुरुवार

ऐरोलीहून यायला उशीर झाला, तासभरच काम. काड्या कापल्या: बारा चौकोनांसाठी २० सेंमीच्या ४८. बाजू १८ची, गाठ बसायला दोन्ही टोकांना एकेक सेंमी जादा. सगळ्या मिळून साडेनऊ मीटरच्या वर कामटी लागते, त्यात गाठीची आणि कूस निघालेली टाकून द्यावी लागते ती वेगळी. सालीकडची बाजू चिवट, आतली बाजू भुसभुशीत. आतली जेवढी तासून जाईल तेवढी बरी. वजन कमी होतं आणि ताकद फारशी जात नाही, कारण बांबूचे धागे सालीजवळच दाट असतात.

साचा केला. जुन्या प्लायवुडवर १८ सेंमीचा चौकोन आखून चारही कोपऱ्यांत आतल्या बाजूने खिळे. काड्या खिळ्यांना बाहेरून टेकवायच्या म्हणजे प्रत्येक चौकोन सारखाच येतो. डोळ्यांनी काटकोन जमतो असं ज्यांना वाटतं त्यांनी दहाव्या चौकोनापर्यंत थांबून पाहावं.

पॉलिश पेपर मारायचं काम चिरंजिवांना दिलं. हातमोजे घालून. तक्रार आली, पण काड्या गुळगुळीत झाल्या.

१३ ऑक्टोबर, रविवार

पाऊस रात्रीपासून. साडेसहाला उठले तेव्हा पागोळ्या लागलेल्या होत्या आणि कालचं दसऱ्याचं तोरण ठिबकत होतं. बाहेर पडायचे सगळे बेत रद्द. कोणाला वाईट वाटल्याचं दिसलं नाही.

परतीचा पाऊस एरवी असा वागत नाही. त्याची रीत ठरलेली. सकाळी लख्ख ऊन, दुपारी अंगाची काहिली, तीनच्या सुमारास पूर्वेला पारसिकच्या डोंगरामागून ढग चढू लागतात आणि संध्याकाळी विजांसकट झोडपून मोकळे होतात. जूनचा पाऊस समुद्राकडून येतो, हा बहुतेक वेळा सह्याद्रीकडून. नैर्ऋत्येचा वारा ढिला पडलेला, जमीन तापलेली, हवेत बाष्प अजून मुबलक; मग ढग जागच्या जागी उंच वाढत जातात. आज मात्र ऊन नाही, गडगडाट नाही, एकसुरी संततधार. बातम्यांत अरबी समुद्रातल्या कमी दाबाच्या पट्ट्याचं सांगत होते. थोडक्यात, ऑक्टोबरात आलेला जुलै.

डब्यातलं मीठ ओलं झालंय, दारं फुगलीत. कागदाची पिशवी आज उघडणार नाही, हे चहाच्या वेळी जाहीर केलं. बांबूचा दिवस.

हॉलमध्ये सतरंजी टाकली, मधे साचा. दोन काड्या खाली, दोन आडव्या वर, कोपऱ्यात फुली. दोऱ्याचे तीन वेढे एका तिरक्या अंगाने, तीन दुसऱ्या तिरक्या अंगाने, मग दोन काड्यांच्या मधून दोन वेढे आवळून घ्यायचे आणि गाठ. हे शेवटचे दोन वेढे महत्त्वाचे. ते नसले तरी गाठ घट्ट दिसते, पण काडी तिच्याभोवती फिरत राहते आणि चौकोनाचा पतंग होतो.

सासूबाई खिडकीशी क्रोशाचा रुमाल विणत होत्या. थोडा वेळ लांबून पाहिलं, मग राहवेना.

"अगं, दोरा असा कोरडा नको घेऊस. मेण लाव त्याला. कोरडा दोरा सरकतो."

"आई, तुम्हीच लावून द्या ना."

एवढं निमित्त पुरलं. देवघरातला मेणबत्तीचा तुकडा आला, रुमाल बाजूला गेला. दोरा मेणावरून ओढून हातभर तुकडे कापायचे, ते साच्याशेजारी मांडायचे, असं त्यांनी सुरू केलं आणि पुढच्या अर्ध्या तासात गाठीही त्याच मारू लागल्या. त्यांच्या गाठी माझ्यापेक्षा चांगल्या. वर्षानुवर्षं क्रोशा केलेल्या बोटांना दोऱ्याचा ताण बघावा लागत नाही. मी काड्या मांडायच्या, त्यांनी बांधायच्या, चिरंजिवांनी टोकं कातरायची. हा कंदील घरात चालतो याचं कारण हेच: काम जमिनीवर सपाट होतं, सारखं होतं आणि वाटून देता येतं. चांदणीचा कंदील एकट्याने करायचा असतो, बाकीच्यांनी फक्त धरून बसायचं.

चार चौकोन झाल्यावर चिरंजिवांचा प्रश्न आला, "बाराच का? तयार कंदिलावर तर जास्त दिसतात."

याच्यावर आम्ही बराच वेळ घालवला आणि तो वाया गेला असं मला वाटत नाही. तयार कंदिलाला २६ पैलू असतात, १८ चौकोन आणि ८ त्रिकोण. त्यामुळे पहिल्यांदा करणारा माणूस १८ चौकोन बांधायला बसतो, वर त्रिकोणांच्या काड्या वेगळ्या कापतो. खरं तर बांधायचे फक्त १२. ते कोपऱ्याला कोपरा लावून जोडले की उरलेले ६ चौकोन आणि ८ त्रिकोण मधल्या रिकाम्या जागांत आपोआप उभे राहतात. प्रत्येक काडी नेमकी एकाच बांधलेल्या चौकोनाची. १२ चोक ४८. एक काडी दुहेरी नाही की एक कमी नाही. ज्याला हे पहिल्यांदा सुचलं त्याला भूमिती येत होती की बांबूचा भाव माहीत होता, कोण जाणे. दोन्हीचं उत्तर तेच निघतं.

चिरंजिवांचा विश्वास बसेना म्हणून ऑयलरचं सूत्र काढलं. कोपरे वजा कडा अधिक पैलू, उत्तर २. आधी बुटांच्या खोक्यावर: ८ वजा १२ अधिक ६. मग चौकोनी पायाच्या पिरॅमिडवर: ५ वजा ८ अधिक ५. मग कंदिलावर: २४ वजा ४८ अधिक २६. प्रत्येक वेळी २ आल्यावर तो कात्री टाकून घरातल्या वस्तू मोजत फिरू लागला. देव्हाऱ्याशी अडकला, कारण कळसाचे पैलू कुठून धरायचे ते ठरेना.

या आकाराचं एक जुनं चित्र नेपल्सच्या संग्रहालयात आहे, १४९५ सालचं. लुका पाचोली नावाचा गणिती धडा देतोय आणि शेजारी दोरीला टांगलेला, काचेचा हाच आकार, अर्धा पाण्याने भरलेला. मोबाइलवर दाखवलं. "म्हणजे त्यांच्याकडेपण परतीचा पाऊस होता," असा निष्कर्ष निघाला.

दुपारी मुगाची खिचडी, कढी, आणि तळल्यावर दहा मिनिटांत मऊ पडलेले पापड. पावसात कांदाभजी केलीच पाहिजे हा नियम कोणी केला ते माहीत नाही. आमच्याकडे लाल भोपळा कापलेला होता, चारच्या चहाला घारगे झाले.

जेवणानंतर खळ. दोन चमचे मैदा आधी थंड पाण्यात कालवायचा, एकही गुठळी ठेवायची नाही, मग कपभर पाणी घालून मंद आचेवर ढवळत राहायचं. पांढरं पाणी एका क्षणी दाट होतं आणि दुधी रंग जाऊन चकाकी येते. तेव्हा उतरवायचं. मैद्यातलं पिष्ट ६० अंशांच्या पुढे फुगतं आणि पाणी धरून ठेवतं, चिकटपणा त्यातून येतो. नुसता कालवलेला मैदा चिकटत नाही, वाळला की पिठासारखा झडतो. पुस्तकं बांधणारे जुने लोक खळीत चिमूटभर मोरचूद घालत, कसर आणि झुरळं लागू नयेत म्हणून. मोरचूद विषारी. स्वयंपाकघरात केलेल्या खळीत मी घालणार नाही. थोडीथोडी करायची, फ्रीजमध्ये ठेवायची, उरलेली टाकायची.

चाचणीसाठी पिशवीचं तोंड थोडंसं उघडून (जाहीर केलेलं होतं, तरीही) प्रत्येक रंगाची एकेक पट्टी कापली, तासलेल्या काडीवर खळ लावून डकवली, आणि पंख्याखाली ठेवून बघत बसलो. निरीक्षणं: पिवळा शांत. केशरी कडेला किंचित सुटतो. राणी रंग वाहतो, आणि चांगलाच वाहतो. बोटं, काडी, साच्याचं प्लायवुड, सगळं गुलाबी. राणी आणि पिवळा एकमेकांशेजारी आले तर पिवळ्याला डाग पडणार. तेव्हा खळ कागदाला लावायचीच नाही, काडीला लावायची, तीही पुसटशी. आणि राणी सगळ्यात शेवटी, बाकीचे रंग वाळल्यावर.

नवरा दिवसभर जुना ट्रान्झिस्टर उघडून बसला होता. संध्याकाळी तो एकदाचा मीडियम वेव्हवर आकाशवाणी ऐकवू लागला, आणि तेवढ्यात विजा सुरू झाल्या. मीडियम वेव्हची गंमत अशी की वीज लखलखते त्याच क्षणी रेडिओ खरखरतो, गडगडाट मागून येतो. मधली सेकंदं मोजायची आणि तीनने भागायचं, तेवढे किलोमीटर. पहिली वीज चार किलोमीटरवर निघाली, मग तीन, मग मोजायला वेळ मिळेनासा झाल्यावर सगळे प्लग काढले. वीज गेली ती तासाभराने आली. तोवर मेणबत्तीच्या उजेडात सासूबाईंनी पुन्हा क्रोशा घेतला, मी मराठी ग्रंथ संग्रहालयातून आणलेला गेल्या वर्षीचा दिवाळी अंक वाचला. हे ग्रंथालय १८९३चं. आमचं सभासदत्व त्यामानाने अलीकडचं, पण दंडाची परंपरा आम्ही जोमाने चालवतो.

रात्री नऊची स्थिती: १२ चौकोन तयार, ४८ गाठी. दुपारी अडीचला डकवलेली राणी पट्टी अजून हाताला ओली. साडेसहा तास, पंख्याखाली. आज कागद लावला असता तर काय झालं असतं याचं उत्तर एवढ्याशा पट्टीने दिलं.

१४ ऑक्टोबर, सोमवार

पट्टी सकाळी वाळलेली, आणि वाळताना ताणली गेली आहे. काल सैल होती, आज टिचकी मारली तर आवाज येतो. हे ध्यानात ठेवायचं.

फ्रीजमधली खळ ठीक. ओट्यावर मुद्दाम ठेवलेल्या चमचाभर खळीला आंबूस वास.

१६ ऑक्टोबर, बुधवार, कोजागिरी

जोडणी. आधी चार चौकोन कोपऱ्यावर कोपरा ठेवून वरचं कडं, तसंच खालचं, मग मधे चार उभे. प्रत्येक सांध्याला दोन चौकोनांचे कोपरे एकत्र येतात. असे सांधे २४. परवाच्या ४८ गाठी धरून ७२. मधल्या सांध्यांत हात जात नाही, तिथे चिरंजिवांची बोटं उपयोगी.

सांगाडा उभा राहिला आणि डुलू लागला. उजवीकडे ढकललं की उजवीकडे कलतो, सोडला की दुसरीकडे. सासूबाईंना त्यांच्या गाठींचा अपमान झाल्यासारखं वाटलं. त्यांनी एकूणएक गाठ तपासली. गाठी ठणठणीत.

रात्री गच्चीवर मसाला दूध. चंद्र ढगांच्या फटीतून जेमतेम. तळमजल्यावरचे काका एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते, त्यांना विचारलं. त्यांनी दुधाचा घोट घेत शांतपणे विचारलं, "सूनबाई, वरखाली कर्ण टाकलास का?"

"नाही अजून, काका."

"टाक. आणि बांबूला बोल लावू नकोस. त्याचं काम झालं. आता कागदाचं."

खाली येऊन कागदावर हिशेब मांडला, आणि झोपायला उशीर झाला तरी मांडल्याचा आनंद आहे. सैल सांध्यांचा मोकळा सांगाडा ताठ राहायचा तर निदान किती काड्या लागतात याचं एक सूत्र अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला शिकवतात: सांध्यांची तिप्पट करायची, त्यातून ६ वजा. २४ सांधे, म्हणजे ७२ वजा ६, ६६. आपल्याकडे ४८. अठरा काड्या कमी, डुलणारच. चौकोनाला कर्ण दिला की तो आडवातिडवा होत नाही. आणि ताणून बसवलेला कागद म्हणजे कर्णच. कागद लागणार ते चौकोन १६. ४८ आणि १६, ६४. राहिले २. वरचं तोंड आणि खालचं तोंड, जिथे कागद नसतो. तिथे एकेक तिरकी काडी घातली की ६६. नेमके.

लहानपणापासून पाहिलेल्या प्रत्येक कंदिलाच्या तोंडाला ती काडी असायची आणि मी ती फक्त दिवा लटकवायला आहे असं समजत आले. काकांना सकाळी हा हिशेब दाखवणार आहे. ते "हो, मग?" म्हणतील याची खात्री आहे.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

दोन कर्ण टाकले, साडेपंचवीस सेंमीचे, टोकं वेगळी. डुलणं तेवढंच आहे, जे अपेक्षित होतं.

काका म्हणाले, "हो, मग?"

२० ऑक्टोबर, रविवार

सकाळी कडक ऊन. पेपरात संध्याकाळी गडगडाटाचा अंदाज. म्हणजे हातात आठ तास.

कागद आदल्या रात्रीच कापून ठेवला होता: चौकोन १६, चारही बाजूंना एकेक सेंमी जादा, म्हणजे २० गुणिले २०, त्रिकोण ८, तशीच कड सोडून. रंगवाटप: मधल्या पट्ट्यातले आठ चौकोन पिवळे, वरचे-खालचे तिरके आठ केशरी, त्रिकोण आठ राणी. आठ-आठ-आठ बसतं, त्यामुळे भांडण नाही. चिरंजिवांना निळा हवा होता. निळ्या पतंगी कागदातून पिवळा उजेड मळकट हिरवा दिसतो, ते बॅटरीवर धरून दाखवलं आणि विषय संपला.

डकवण्याची रीत: काडीला खळ, कागद नुसता टेकवायचा, सुरकुती जाईल इतकाच ओढायचा, मग कड काडीवरून आत दुमडायची. जोरात ओढला तर वाळल्यावर फाटतो, कारण वाळताना तो आणखी आक्रसणार आहे. आणि एका बाजूने सलग लावत जायचं नाही. एक पैलू लावला की त्याच्या समोरचा. नाहीतर सगळा ताण एकाच अंगाला येतो आणि सांगाडा तिकडे वाकून बसतो, मग काही केल्या सरळ होत नाही. नवऱ्याने हेअर ड्रायर सुचवला. नाही म्हटलं, त्याच कारणाने: गरम झोत लागेल ती बाजू आधी आक्रसेल.

पिवळे साडेअकरापर्यंत. केशरी पावणेदोनपर्यंत. चौथ्या-पाचव्या चौकोनानंतर हाताला फरक कळू लागला. सांगाडा अजून हलत होता, पण हलताना विरोध करत होता. शेवटचा केशरी लागला तेव्हा सासूबाईंनी तो दोन्ही हातांत धरून हलवून पाहिला आणि "आता उभा राहिला," एवढंच बोलल्या. त्यांच्याकडून ही मोठी पावती.

राणी त्रिकोण तीन वाजता सुरू. स्वयंपाकघराच्या खिडकीतून, समोरच्या दोन टॉवरच्या फटीत, पारसिकच्या बाजूला पांढऱ्या ढगांच्या राशी दिसू लागल्या होत्या. सगळ्यांचा वेग वाढला. शेवटचा त्रिकोण पावणेपाचला. साडेपाचला पहिली वीज. कंदील आतल्या खोलीत कपड्यांच्या दांडीला टांगला, खिडक्या लावल्या.

रात्री दहा: सगळे पैलू सैल. हवेतलं पाणी कागद पितो आणि पसरतो. दुपारी ताठ झालेला पिवळा कागदसुद्धा पोटात आलाय. पाहुण्यांपैकी एकीने "कागद नीट ओढला नाहीत वाटतं" असं म्हटलं. तिला सोमवारी सकाळी या म्हटलं.

२१ ऑक्टोबर, सोमवार

सात वाजता अजून सैलसर. ऊन आल्यावर गॅलरीत, पण सावलीत, टांगला; थेट उन्हात पतंगी कागदाचा रंग उडतो. ऑफिसला जाण्याआधी नऊला पाहिलं, पिवळे ताणलेले, केशरी बरेचसे. दोन केशरी पैलूंना सुरकुती होती, त्यांवर इस्त्रीच्या फवाऱ्याने अगदी हलकं, लांबून पाणी मारलं. ओला होऊन वाळला की कागद स्वतःच स्वतःला ओढून घेतो. राणीला फवारा लावायचा नाही, हे घरातल्या सर्वांना लेखी कळवलं आहे.

संध्याकाळी परत आले तेव्हा चोवीसच्या चोवीस पैलू ताठ. वरून दाबलं तरी कलत नाही.

२६ ऑक्टोबर, शनिवार

मधल्या आठवड्यात पाऊस नाही. पहाटे गॅलरीत किंचित गार.

बेगडाच्या अर्ध्या सेंमीच्या पट्ट्या सगळ्या कडांवर. यात सांगण्यासारखं काही नाही, फक्त मान दुखते. झिरमिळ्या: कागदाची चौपदरी घडी, वर चार सेंमी सोडून खाली सेंमीभर रुंदीच्या चिरा, मग डोक्याकडून गुंडाळी करून दोऱ्याने बांधायचं. खालच्या चार कोपऱ्यांना चार, मधे कर्णाला एक मोठी. झिरमिळ्या पिवळ्या आणि केशरीच. राणी बाहेर लोंबत राहिली आणि पाऊस आला तर खालच्या मजल्यावरचे वाळत घातलेले कपडे गुलाबी होतील, आणि काकांचे सगळे सदरे पांढरे आहेत.

दिवा: ५ वॅटचा एलईडी, पिवळसर उजेडाचा. पूर्वी ६० वॅटचा बल्ब लावायचे तेव्हा त्यातली बहुतेक वीज उष्णतेत जायची. तोंड वरून उघडं ठेवायचं ते ती उष्णता निघून जावी म्हणून, आणि कंदील वाऱ्याने हलून कागद बल्बला टेकला तर करपायचा. आता तो धोका जवळजवळ नाही, पण होल्डर कर्णाच्या बरोबर मध्यावर बांधला, सगळ्या बाजूंपासून सारखा लांब. वायर वरून सरळ प्लगकडे नेली नाही. आधी खाली झोळ दिला, मग वर. पाऊस लागला तर पाणी वायरीवरून ओघळत झोळाच्या तळाशी येऊन गळतं, प्लगपर्यंत जात नाही. जोड उघड्यावर एकही नाही.

२८ ऑक्टोबर, सोमवार, वसुबारस

लावला. संध्याकाळी पावणेसातला, आतल्या हुकाला, छज्ज्याच्या खाली. पूर्ण उजेडात राणी त्रिकोण अपेक्षेपेक्षा गडद दिसतात आणि पिवळा फिका. पुढच्या वेळी पिवळा दुपदरी घ्यायचा. राम मारुती रस्त्यावर विकायला असलेल्या कंदिलांपुढे हा साधा दिसतो, असं नवऱ्याचं मत. सासूबाईंनी त्यावर, त्यातल्या एकाची तरी गाठ हाताने मारलेली आहे का, असं विचारलं. उत्तर आलं नाही.

काका खाली रस्त्यावर उभे राहून बराच वेळ पाहत होते. मग त्यांनी वर हाक मारून मधली झिरमिळी दोन सेंमी लांब असल्याचं सांगितलं. मोजली. दोन सेंमी लांब होती. कापली.

चिरंजिवांना शाळेसाठी छोटा हवाय, निम्म्या मापाचा, ९ सेंमी बाजूचा. हिशेब त्यानेच केला: कामटी निम्मी लागेल, कागद पाव लागेल, काड्या ४८ आणि गाठी ७२ त्या तशाच. साचा तयार आहे, फक्त खिळे आत घ्यायचे. गाठी या वेळी त्याने मारायच्या, असं ठरलंय.